रिकाम्या जागेचा जाब

चित्रप्रदर्शनाला आपण ठरवून जातो. भित्तिपत्रकाचे तसे नसते. ते आपल्या वाटेवर येऊन उभे राहते. रेल्वेच्या फलाटावर, रस्त्याच्या नाक्यावर, दुकानाच्या काचेवर ते आपली परवानगी न घेता आपल्याशी बोलते, आणि आपण पुढे निघून गेलो तरी त्यातील एखादा आकार वा रंग मनात घर करून राहतो. म्हणून उपयोजित कलेचे मूल्यमापन करताना केवळ सौंदर्याची मोजपट्टी पुरत नाही. हे चित्र कोणाच्या वतीने बोलते, काय सांगते आणि काय सांगावयाचे टाळते, हेही विचारावे लागते. विसाव्या शतकातील काही थोर जपानी ग्राफिक डिझायनरांच्या कामाकडे प्रस्तुत लेखात या दृष्टीने पाहावयाचे आहे.

या कलावंतांचे नाव निघाले की त्यांच्या संयमाचे कौतुक होते. मोजके रंग, एखादाच आकार, चार अक्षरे आणि उरलेला सारा कागद मोकळा! या मोकळ्या जागेचे श्रेय बहुधा झेन पंथाला, चहापानाच्या विधीला किंवा सरसकट जपानी स्वभावाला देऊन विषय संपविला जातो. हे स्पष्टीकरण सोयीचे असले तरी अपुरे आहे. या पिढीचे अग्रणी युसाकु कामेकुरा (१९१५–१९९७) यांचेच उदाहरण घ्या. १९३० च्या दशकात रेन्शिचिरो कावाकिता यांच्या ज्या संस्थेत ते शिकले, तेथील शिक्षण जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेच्या धर्तीवर आखलेले होते. वर्तुळ, चौकोन, त्रिकोण, त्यांचा तोल आणि त्यांच्यातील अंतर यांचा तेथे शास्त्रशुद्ध अभ्यास होई. दुसरीकडे, जपानी घराण्यांच्या वस्त्रांवर पिढ्यान्‌पिढ्या दिसणारी साधी, बहुधा वर्तुळात बसविलेली कुलचिन्हे या मंडळींच्या डोळ्यांखालून लहानपणापासून गेलेली होती. या दोन्ही वारशांतून त्यांनी आपली भाषा घडविली. अर्थात त्यांच्या कागदावरील रिकामी जागा ही आपोआप पडलेली नाही. ती जाणीवपूर्वक राखलेली आहे. आणि जो जाणीवपूर्वक काही गाळतो, त्याला त्या गाळण्याचा जाब विचारता येतो.

जपानी भाषेत 'मा' असा एक शब्द आहे. दोन वस्तूंमधील, दोन स्वरांमधील किंवा दोन क्षणांमधील अंतर, असा त्याचा अर्थ. तो लिहिताना दाराचे चिन्ह काढून त्यात सूर्याचे चिन्ह मांडतात. दाराच्या फटीतून उजेड आत यावा, अशी ती कल्पना. भित्तिपत्रकातील मोकळ्या जागेलाही हे वर्णन लागू पडते. कलावंत सगळे सांगत नाही. पाहणाऱ्याने आपल्या मनाने काही भरावे, असा विश्वास तो त्याच्यावर टाकतो. परंतु दाराचा गुणधर्म दुहेरी असतो. ते उजेड आत घेते, तसेच ओढून घेतले की आतले झाकतेही. गाळलेली गोष्ट पाहणाऱ्याला स्वतःच्या मनाने पुन्हा सापडावी अशी सोय कलावंताने ठेवली आहे काय, हाच माझ्या मते या कलेच्या परीक्षणाचा कळीचा प्रश्न आहे.

हा प्रश्न प्रथम उभा राहतो तो युद्धपूर्व काळात. छायाचित्रकार योनोसुके नातोरी यांच्या 'निप्पॉन कोबो' या संस्थेने १९३४ साली 'निप्पॉन' नावाचे नियतकालिक सुरू केले. परदेशी वाचकांसाठी असलेल्या या नियतकालिकात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच व स्पॅनिश या भाषांतून जपानचे सुसंस्कृत रूप मांडले जाई. १९३८ साली तरुण कामेकुरा त्या संस्थेत दाखल झाले. त्या अंकांची पाने आजही ताजी वाटतात. पुढे १९४२ साली, युद्ध ऐन भरात असताना, लष्कराच्या आश्रयाने चालणाऱ्या 'तोहोशा' या संस्थेने 'फ्रंट' हे मोठ्या आकाराचे सचित्र नियतकालिक अनेक भाषांत काढले. सोव्हिएत रशियाच्या प्रचार-नियतकालिकांचा आदर्श त्यापुढे होता. छायाचित्रणाची बाजू इहेइ किमुरा यांच्याकडे आणि मांडणीची हिरोमु हारा (१९०३–१९८६) यांच्याकडे, अशी ही विलक्षण जोडी होती.

'फ्रंट'ची पाने देखणी आहेत, हे नाकारता येत नाही, आणि नेमकी तीच गोष्ट मनाला टोचते. समुद्र कापीत जाणाऱ्या युद्धनौका, रणगाड्यांच्या रांगा, पानाच्या कडेपर्यंत भिडलेली भव्य दृश्ये यांत तेथे कसलीही उणीव नाही. उणीव आहे ती १९३७ पासून चीनमध्ये चाललेल्या संहाराची, उपाशी सैनिकांची, जिंकलेल्या प्रदेशांतील माणसांच्या हालांची. ही गोष्ट गाळली गेली ती अशा रीतीने की दूरदेशीच्या वाचकाला तिचा मागमूसही लागू नये. येथील रिकामी जागा वाचकावर टाकलेला विश्वास नसून त्याच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टी आहे. हारा यांनी युद्धानंतर पुस्तकांच्या मांडणीत आणि अध्यापनात मोलाचे कार्य केले. ते अर्थातच खरे आहे. पण त्या पुण्याईने 'फ्रंट'ची पाने पुसली जात नाहीत.

१९४५ साली टोकियो बेचिराख झाले. हिरोशिमा आणि नागासाकी ही शहरे अणुबाँबने उद्ध्वस्त झाली. ज्या हातांनी साम्राज्याची पाने सजविली होती, त्यांनाच आता शांततेच्या काळातील दृश्यभाषा घडवावयाची होती. १९५१ साली जाहिरात-कलावंतांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. १९५५ साली टोकियोतील ताकाशिमाया या मोठ्या दुकानात 'ग्राफिक ५५' हे प्रदर्शन भरले. त्यात कामेकुरा, हारा आदी सात जपानी कलावंत आणि पाहुणे म्हणून अमेरिकेचे पॉल रँड यांची कामे मांडली होती. त्याच प्रदर्शनात र्‍यूइची यामाशिरो यांचे वृक्षारोपणासंबंधीचे एक भित्तिपत्रक होते. जपानी लिपीत 'झाड' या अर्थाचे एक चिन्ह आहे. ते दोनदा लिहिले की 'राई' होते आणि तिनदा लिहिले की 'अरण्य'. यामाशिरोंनी एकही झाड काढले नाही. ही अक्षरे लहानमोठी करून त्यांनी कागदभर पेरली. वाचता वाचता डोळ्यांपुढे रान उभे राहते. जे गाळले ते पाहणाऱ्याच्या मनात कसे उगवते, याचा याहून सोपा दाखला क्वचितच मिळेल.

त्याच वर्षी किओशी आवाझु (१९२९–२००९) यांचे 'समुद्र परत द्या' हे भित्तिपत्रक गाजले आणि त्यास उपरोक्त संघटनेचे पारितोषिक मिळाले. कुजुकुरी किनाऱ्यावरील अमेरिकन सैन्याच्या गोळीबार-सरावामुळे तेथील मच्छीमारांना त्यांच्याच समुद्रात जाणे अवघड झाले होते. आवाझु कोणत्याही कलाशाळेत न जाता स्वतःच्या कष्टाने शिकलेले. त्यांच्या चित्रातील मच्छीमाराची संतप्त नजर थेट पाहणाऱ्यावर रोखलेली आहे. बाउहाउसचे भौमितिक शिस्तपालन येथे नाही. येथे ओबडधोबड रेषा आहे आणि रोखठोक मागणी आहे. समुद्रकाठच्या माणसाला हे चित्र कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

आता कामेकुरा यांच्याकडे वळू. १९५६ साली त्यांनी अणुऊर्जेच्या शांततामय औद्योगिक वापराचा पुरस्कार करणारे एक भित्तिपत्रक केले. अमूर्त भौमितिक आकारांचे हे काम कलागुणांनी श्रेष्ठ मानले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या आधी दोनच वर्षे, १९५४ च्या मार्चमध्ये, बिकिनी बेटावरील अमेरिकन अणुचाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती आणि तिच्यावरील खलाशी किरणोत्साराने आजारी पडले होते. त्यांच्यापैकी एकाचा त्याच वर्षी अंतही झाला. अणूचे ते रूप या चित्रात कोठेच नाही. येथे कामेकुरांना एकट्याला दोषी धरणे अन्यायाचे होईल. त्याच १९५६ साली खुद्द हिरोशिमाच्या शांतिस्मारक संग्रहालयात अणूच्या शांततामय उपयोगाचे प्रदर्शन भरले होते. साऱ्या देशालाच त्या आशेची भूक लागली होती. तथापि ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात जे घडले, त्यानंतर हे चित्र पूर्वीसारखे निर्मळ मनाने पाहता येत नाही. त्यातील झळाळी तीच आहे. बदलली आहे ती आपली जाण. आशा दाखविणे हा कलावंताचा अधिकार आहे, पण आशेच्या पोटातील भीती पूर्णपणे पुसून टाकली की चित्राचे आयुष्य कमी होते.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचे बोधचिन्ह ही कामेकुरांची सर्वात प्रसिद्ध कृती. त्यासाठी सहा कलावंतांकडून रचना मागविण्यात आल्या आणि त्यांतून कामेकुरांची निवड झाली. शुभ्र कागदावर वरच्या भागात मोठा तांबडा गोल, त्याखाली सोनेरी पाच वर्तुळे आणि त्याखाली सोनेरी अक्षरांत शहराचे नाव व वर्ष. बस, एवढेच. फुजी पर्वत नाही, चेरीचा फुलोरा नाही, पर्यटकांना आवडणारी कोणतीही शोभा नाही. तांबड्या गोलाचा आकार इतका मोठा घेतला आहे की तो कागदाच्या दोन्ही कडांना ढकलू पाहतो आणि सोनेरी वर्तुळे त्याच्या भाराखाली तोलून धरलेली वाटतात. पुढील भित्तिपत्रकासाठी ओसामु हायासाकी यांनी धावण्याच्या शर्यतीच्या आरंभक्षणाचे छायाचित्र घेतले. काळोखातून एकाच दिशेने झेपावणारे धावपटू त्यात आहेत. हवा तो क्षण हाती लागेपर्यंत त्यांना पुन:पुन्हा धावावे लागले. ऑलिंपिकच्या भित्तिपत्रकात छायाचित्राचा असा वापर प्रथमच झाला.

या तांबड्या गोलाचे काय करावयाचे? तो उगवता सूर्य आहे, तसाच तो राष्ट्रध्वजही आहे. आणि १९६४ साली तो ध्वज पाहून ज्यांच्या जखमा भळभळल्या असतील, अशी माणसे आशिया खंडात कमी नव्हती. कामेकुरांनी त्या गोलाला किरणे, तलवारी, घोषणा यांतून सोडवून पुन्हा एक निखळ आकार बनविले, हे त्यांचे मोठेच यश होय. मात्र त्या गोलाच्या मागील इतिहास चित्रात उरत नाही. तो आठवून देण्याचे काम उद्घाटन-सोहळ्याने केले. ज्योत पेटविण्याचा मान योशिनोरी साकाई या तरुणास देण्यात आला. त्याचा जन्म ६ ऑगस्ट १९४५ रोजी, बाँब पडला त्याच दिवशी, हिरोशिमा प्रांतात झालेला होता. गोलात जे नव्हते ते त्या धावत्या तरुणाने आणले, असे म्हणावयास हरकत नाही.

या ऑलिंपिकची आणखी एक देणगी अधिक नम्र आणि म्हणून मला अधिक प्रिय वाटते. जपानी भाषा न येणाऱ्या हजारो पाहुण्यांना स्वच्छतागृह, दूरध्वनी, क्रीडाप्रकार हे सारे कसे दाखवावे? समीक्षक मासारु कात्सुमी यांच्या मार्गदर्शनाखाली योशिरो यामाशिता आणि अनेक तरुण कलावंतांनी त्यासाठी साध्या चित्रखुणांची मालिकाच तयार केली. या खुणा सर्व समाजाच्या उपयोगी पडाव्यात म्हणून त्यांवरील आपले हक्क त्या कलावंतांनी सोडून दिले. आज जगभरच्या स्थानकांवर व विमानतळांवर आपण ज्या खुणांच्या आधारे वाट काढतो, त्यांच्या परंपरेत या कामाला मानाचे स्थान आहे. येथे कलावंताने चित्रातून गाळले ते स्वतःचे नाव.

ऑलिंपिकचा जल्लोष ओसरतो न ओसरतो तोच त्या तांबड्या गोलाला उत्तर मिळाले. १९६५ साली 'पर्सोना' या प्रदर्शनात तादानोरी योकोओ (जन्म १९३६) यांनी स्वतःविषयीच एक भित्तिपत्रक मांडले. मध्यभागी सूटबूट घातलेला, हाती गुलाब धरलेला, गळफास लागलेला मनुष्य. त्याच्यामागे उगवत्या सूर्याचे भडक किरण. वरच्या बाजूस स्फोट पावणारा फुजी पर्वत आणि ऑलिंपिकच्या नऊच दिवस आधी सुरू झालेली वेगवान आगगाडी. खाली लहानपणीची छायाचित्रे. एकोणतिसाव्या वर्षी यशाच्या शिखरावर पोहोचून आपण मेलो, अशी नोंदही सोबत आहे. कामेकुरांनी जे जे कागदाबाहेर काढले होते, ते ते योकोओंनी पुन्हा आत कोंबले: फुजी, किरण, जुन्या काड्यापेट्यांवरील वेष्टनांचा भडकपणा, मृत्यू. मोकळी जागा हा जपानी स्वभावच आहे, असे म्हणणाऱ्यांना हे एक चित्र दाखवावे. तरीही योकोओंची ही दाटी सर्वस्वी समाधान देत नाही. उपहासाने झाकण उडते. पण उघड्या पडलेल्या गोष्टीचे पुढे काय करावयाचे, हे उपहास सांगत नाही. लवकरच हा उपहासही फॅशन बनला. पुढे योकोओ स्वतःच १९८० च्या दशकाच्या प्रारंभी चित्रकलेकडे वळले.

तरुणांची अस्वस्थता मात्र खरी होती. विद्यार्थी-चळवळीच्या वावटळीत कलावंतांच्या त्या देशव्यापी संघटनेवरही टीकेचा भडिमार झाला आणि १९७० साली ती विसर्जित करण्यात आली. आपले कौशल्य कोणाच्या चाकरीत आहे, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिला नव्हता.

त्याचे दोन उत्तम प्रतिसाद मिळाले. पहिला शिगेओ फुकुदा (१९३२–२००९) यांचा. खेळणी बनविणाऱ्या कुटुंबात जन्मलेल्या या कलावंताच्या अंगी एक मिस्कील बालक अखेरपर्यंत वसत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीस तीस वर्षे झाली त्यानिमित्त वॉर्सा येथे १९७५ साली भित्तिपत्रक-स्पर्धा झाली. तिच्यात त्यांच्या 'व्हिक्टरी १९४५' या कृतीस सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पिवळ्या कागदावर तोफेची काळी तिरकी नळी आणि तोंड फिरवून त्याच नळीत परत शिरणारा गोळा. एवढेच चित्र. पाहताक्षणी हसू येते आणि पुढच्याच क्षणी ते ओठांवर थिजते. ज्याने तोफ डागली त्याच्याकडेच ती परत येते, हे सत्य चौथीतल्या मुलालाही कळेल. फुकुदांनी ना जेता दाखविला ना पराभूत. त्या जागा प्रत्येक राष्ट्राने आपापल्या नावाने भरावयाच्या आहेत.

दुसरा प्रतिसाद पुन्हा कामेकुरांचाच. १९८३ साली 'हिरोशिमा अपील्स' या नावाने शांततेचे आवाहन करणाऱ्या भित्तिपत्रकांची मालिका सुरू झाली आणि पहिल्या पत्रकाची जबाबदारी त्यांच्यावर आली. अकिरा योकोयामा यांच्याकडून चितारून घेतलेल्या त्या चित्रात फुलपाखरे पेट घेऊन खाली कोसळत आहेत. अणुस्फोटाचा तो ओळखीचा ढग नाही, भाजलेली शरीरे नाहीत, ढासळलेल्या इमारती नाहीत. फुलपाखराच्या पंखांवरील रंग अजून शाबूत आहेत आणि त्यांनाच ज्वाळा लागल्या आहेत. एकदा पाहिल्यावर त्या पंखांच्या जागी माणसे दिसू लागतात. ती दिसू नयेत असे कितीही वाटले तरी दिसतातच. सत्तावीस वर्षांपूर्वी अणूची केवळ झळाळी रंगविणाऱ्या कलावंताने येथे त्याच अणूची दुसरी बाजू पाहणाऱ्याच्या हवाली केली. मधली काही वर्षे खंडित झालेली ही मालिका २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

बाजाराच्या क्षेत्रातही रिकाम्या जागेची अशीच परीक्षा होते. नाराचे इक्को तानाका (१९३०–२००२) यांनी नोह नाट्याची आणि जपानी नृत्याची अप्रतिम भित्तिपत्रके केली. १९८१ च्या 'निहोन बुयो' मधील नर्तकीचा चेहरा तर त्यांनी चौकोनांच्या जाळीत बसविलेल्या मोजक्या आकारांतून उभा केला. याच तानाकांच्या कलादिग्दर्शनाखाली १९८० साली सेइयू या दुकानांच्या साखळीने 'मुजिरुशी र्‍योहिन', म्हणजे शिक्का नसलेला चांगला माल, विकावयास काढला. जग त्याला 'मुजी' या नावाने ओळखते. आरंभी चाळीस वस्तू होत्या. वेष्टन साधे, रंग मातकट आणि माल स्वस्त का, याचे कारण वेष्टनावरच लिहिलेले. वाळवलेली अळिंबी स्वस्त, कारण त्यात तुटके तुकडे आहेत. पण चव तीच. काय गाळले आणि का गाळले, हे ग्राहकाला सरळ सांगणारा हा व्यवहार मला प्रामाणिक वाटतो. मात्र काळाची गंमत अशी, की शिक्का नसणे हाच पुढे मोठा शिक्का ठरला. २०१६ साली मुंबईत लोअर परळ येथे या मालाचे दुकान उघडले, तेव्हा ते नामांकित परदेशी ब्रँडांच्या शेजारी, श्रीमंती मॉलमध्ये होते. साधेपणाचीही किंमत वाढू शकते, हे तानाकांच्या मूळ कल्पनेत नव्हते.

येथे कोणी आक्षेप घेईल, की सुताराने दार केले. त्या दारातून कोण आत जातो याला सुतार कसा जबाबदार? युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. परंतु भित्तिपत्रक करणारा कलावंत दार करून घरी निघून जात नाही. तो दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलावीत असतो. त्याचा आवाज गोड असेल तर त्याचे उत्तरदायित्व अधिकच वाढते. शिवाय या कलावंतांच्या जीवनाकडे पाहिले तर त्यांनी स्वतःही हे नाते नाकारलेले दिसत नाही. 'निप्पॉन'च्या कचेरीत शिकलेला तरुण पंचेचाळीस वर्षांनी जळती फुलपाखरे घडवितो. हा प्रवास केवळ कौशल्याचा आहे असे कसे म्हणावे?

म्हणून या साऱ्या कामाचा निवाडा एका वाक्यात करता येत नाही. पण कसोटी एका वाक्यात सांगता येते. गाळलेली गोष्ट पाहणाऱ्याला सापडते काय? यामाशिरोंच्या अक्षरांत अरण्य सापडते, फुकुदांच्या तोफेत आपलेच राष्ट्र सापडते, कामेकुरांच्या फुलपाखरांत हिरोशिमाची माणसे सापडतात. 'फ्रंट'च्या पानांत मात्र कितीही शोधले तरी मेलेला माणूस सापडत नाही. छपाई, रंग, तोल यांत ती पाने कोणाला हार जाणार नाहीत. तरीही ती लहान आहेत आणि तोफेचे ते दोन आकार मोठे आहेत.

आज आपल्यापुढे जितकी चित्रे दिवसाकाठी येऊन आदळतात, तितकी पूर्वी वर्षभरातही येत नसत. त्यांतील पुष्कळशी सुबक, मोकळी, डोळ्यांना सुखावणारी असतात. सुज्ञ वाचकांनी त्या सौंदर्याला जरूर दाद द्यावी. दाद देऊन झाल्यावर क्षणभर थांबावे, आणि त्या मोकळ्या जागेत कोण उभे असावयास हवे होते, एवढे अवश्य विचारावे.